बोनसचे बारा महिने आणि तेरावा महिना: ब्रिटनमधील इझी-ॲक्सेस बचत खात्यांचे परीक्षण

ब्रिटनमधील इझी-ॲक्सेस, म्हणजे मुदतीची वाट न पाहता पैसे काढता येणाऱ्या बचत खात्यांचे तुलनात्मक तक्ते एकत्र ठेवून पाहिले, तर वरच्या ओळींतील बरीच खाती बोनसच्या आधारावर तिथे पोहोचलेली दिसतात. तक्ते सर्वांत मोठ्या दरानुसार लावलेले असतात आणि त्या दरात पहिल्या वर्षापुरता मिळणारा बोनस आधीच मिसळलेला असतो. म्हणून या परीक्षणात तक्त्यातील क्रमांकापेक्षा मूळ दर, बोनसची मुदत आणि पैसे काढण्याच्या अटी या तीन गोष्टींना अधिक महत्त्व दिले आहे.

जाहिरातीतील दर दोन तुकड्यांचा बनलेला असतो. मूळ दर बदलता असतो, तर बोनस बहुधा बारा महिन्यांसाठी निश्चित असतो. यामुळे एक गैरसमज सहज होतो: बोनस निश्चित आहे म्हणजे वर्षभर तोच एकूण दर मिळणार, असे ग्राहकाला वाटते. प्रत्यक्षात बँक मूळ दर मधेच कमी करू शकते आणि त्याबरोबर एकूण दरही उतरतो. बँका आपले दर बहुधा ब्रिटनची मध्यवर्ती बँक असलेल्या बँक ऑफ इंग्लंडच्या दरामागोमाग बदलतात, आणि तो दर ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्के होता. ऑगस्ट २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने उतरत डिसेंबर २०२५ मध्ये ३.७५ टक्क्यांवर आला. या काळात ज्यांनी बोनसचे खाते उघडले, त्यांपैकी अनेकांना बोनस शाबूत राहूनही पहिल्या दिवशीचा दर वर्षअखेरीस दिसला नसेल. बोनसचा आकारही बदलला आहे. गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेच्या ‘मार्कस’ या बचत ब्रँडने सप्टेंबर २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये खाते आणले, तेव्हा १.५ टक्के दरातील ०.१५ टक्के, म्हणजे दहावा हिस्सा, बोनसचा होता. अलीकडे बोनसच एक टक्क्याहून मोठा असलेली खाती सर्रास दिसतात, आणि अशा खात्यात बोनस संपल्यावर होणारी घसरण अर्थातच तितकी खोल असते.

ही घसरण किती महाग पडते, हे आकड्यांनीच पाहावे. उदाहरणादाखल २०,००० पौंडांसाठी दोन खाती घेऊ. पहिल्याचा दर ४.५ टक्के असून त्यातील १.५ टक्के बारा महिन्यांचा बोनस आहे. दुसऱ्याचा दर बोनसशिवाय ४.१ टक्के आहे. दोन्हींचे मूळ दर बदलले नाहीत आणि मधे पैसे काढले नाहीत, असे धरले तर पहिल्या वर्षी ९०० विरुद्ध ८२० पौंड व्याज मिळते, म्हणजे बोनसचे खाते ८० पौंडांनी पुढे राहते. दुसऱ्या वर्षी मात्र पहिल्या खात्यात ३ टक्क्यांनी ६२७ पौंड आणि दुसऱ्यात सुमारे ८५४ पौंड जमा होतात. बोनसने मिळवून दिलेली आघाडी तेराव्या महिन्यापासून दरमहा सुमारे १९ पौंडांनी झिजू लागते आणि सतराव्या महिन्यात पूर्ण संपते. दोन वर्षांच्या शेवटी साधे खाते जवळजवळ १४७ पौंडांनी सरस ठरते. थोडक्यात, बोनस संपल्यावर चार महिन्यांच्या आत पैसे हलवले तर पहिले खाते फायद्याचे, आणि त्याहून उशीर झाला तर तोट्याचे.

बँका खात्याच्या माहितीबरोबर जो ‘समरी बॉक्स’ देतात, तो एरवी उपयुक्त आहे. दर काय, बँक तो बदलू शकते का, पैसे कसे काढता येतात, हे सर्व ठरावीक प्रश्नांच्या क्रमाने तिथे मिळते. परंतु त्यातील अंदाजे शिलकीचा प्रश्न बारा महिन्यांनंतरच्या रकमेविषयी असतो, आणि बारा महिन्यांच्या बोनससाठी याहून सोयीचा मुहूर्त बँकेनेही निवडला नसता! चोवीस महिन्यांची शिलक छापणे सक्तीचे असते, तर अनेक खात्यांचे चित्र वेगळे दिसले असते. वित्तीय नियामक एफसीएने जानेवारी २०२० मध्ये, खाते वर्षभर जुने झाल्यावर प्रत्येक बँकेने सर्व इझी-ॲक्सेस ग्राहकांना एकच दर द्यावा, असा प्रस्ताव मांडला होता. तो पुढे अमलात आला नाही. बोनस संपण्याआधी ग्राहकाला कळवले जाते, पण ते पत्र किंवा ईमेल वाचून पैसे हलवण्याचे काम त्यालाच करावे लागते. चालू खात्यासाठी सात कामकाजाच्या दिवसांत सर्व व्यवहार नव्या बँकेत नेणारी सेवा आहे. साध्या बचत खात्यासाठी तशी सोय नाही. नवे खाते उघडायचे, ओळख पटवायची आणि रक्कम स्वतः पाठवायची, हा दरवर्षीचा खटाटोप बोनसच्या किमतीत धरायलाच हवा.

बोनसच्या अटींमध्ये दोन गोष्टी विशेष तपासाव्यात. बरेच बोनस फक्त नव्या ग्राहकांसाठी असतात, त्यामुळे त्याच बँकेत पूर्वी खाते असेल तर जाहिरातीतील दर लागू होईलच असे नाही. शिवाय बारा महिने बहुधा खाते उघडल्याच्या दिवसापासून मोजले जातात. मोठी रक्कम दोन महिन्यांनी येणार असताना आजच खाते उघडून ठेवल्यास बोनसचे दोन महिने रिकाम्या खात्यावर वाया जातात.

पैसे काढण्याच्या अटींबाबत मात्र माझे मत कठोर आहे. काही खाती इझी-ॲक्सेस म्हणून विकली जातात, पण वर्षातून ठरावीक वेळांपेक्षा अधिक वेळा पैसे काढल्यास दर एकदम खाली आणतात. अडीअडचणीसाठी ठेवलेल्या रकमेसाठी अशी खाती निकामी आहेत, कारण अडचण काही वर्षातून तीनदाच येईन असे ठरवून येत नाही.

एईआर, म्हणजे व्याजावरील व्याज धरून काढलेला वार्षिक दर, तुलनेसाठी योग्य आहे. व्याज दरमहा घेतल्यास ग्रॉस दर, म्हणजे व्याजावरील व्याज न धरलेला दर, थोडा कमी दिसतो: ४.५ टक्के एईआर म्हणजे सुमारे ४.४१ टक्के ग्रॉस. हा फरक केवळ मांडणीचा आहे. कराचा मुद्दा अधिक गंभीर आहे. बोनसही व्याजातच धरला जातो. आयकराच्या मूळ (बेसिक रेट) टप्प्यातील करदात्यांना वर्षाला १,००० पौंड आणि त्यावरील ४० टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्यांना ५०० पौंड व्याज करमुक्त आहे. ४.५ टक्के दराने ही दुसरी मर्यादा सुमारे ११,१०० पौंडांवरच भरते, आणि त्यापुढील रकमेसाठी थोडा कमी दर देणारा कॅश आयसा, म्हणजे व्याजावर कर न लागणारे बचत खाते, हातात अधिक पैसे ठेवू शकतो. एप्रिल २०२७ पासून बचतीच्या व्याजावरील कर दोन टक्क्यांनी वाढणार आहे, हेही लक्षात घ्यावे.

सुरक्षिततेबाबत फारसे लिहिण्याची गरज नाही. १ डिसेंबर २०२५ पासून बँक बुडाल्यास ठेवी भरून देणाऱ्या एफएससीएस योजनेचे संरक्षण दर व्यक्तीमागे, दर बँकिंग परवान्यामागे १,२०,००० पौंड झाले आहे. फक्त हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड यांसारख्या, एकाच परवान्याखाली चालणाऱ्या बँकांतील रक्कम एकत्र मोजली जाते.

एकंदरीत, आपत्कालीन निधीसाठी बोनस नसलेले आणि पैसे काढण्यावर बंधन नसलेले खाते मी निवडेन, मग ते तक्त्यात पाचव्या किंवा सहाव्या ओळीत का असेना. घराची अनामत भरायची आहे किंवा कराचा हप्ता येणार आहे, अशी वर्षभरात खर्च होणारी रक्कम असेल, तर बोनसचे खाते सरळ घ्यावे. बोनस संपण्याच्या वेळी खात्यात काही उरणारच नसल्याने मूळ दर किती खाली आहे याने तिथे काहीच बिघडत नाही.