सांगलीचा तुरुंग की शेणोली-कुंडल?

मुलांना बेचाळीसच्या चळवळीच्या जागा दाखवायच्या आहेत आणि हाताशी एकच दिवस आहे, अशा पालकांसमोर आपल्या भागात प्रामुख्याने हे दोन पर्याय येतात. सातवीतल्या भाच्याला घेऊन मी दोन्हीकडे जाऊन आलो आहे.

सोयीच्या दृष्टीने सांगली निर्विवाद सरस आहे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरुंग फोडून गणेशदुर्गाच्या तटावरून उड्या घेतल्या. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले, दादांना गोळी लागली. हे सारे भर शहरात घडले असल्यामुळे गणपती मंदिर, कृष्णाकाठ आणि दादांची समाधी एका फेरीत होतात, आणि सोबत वडीलधारी मंडळी असतील तर याहून सुखाची सहल नाही.

मला खटकली ती एकच गोष्ट. तुरुंग आजही तुरुंगच असल्याने आत जाता येत नाही, हे समजण्यासारखे आहे, पण भाच्याने “उडी नेमकी कुठून मारली?” असे विचारले, तेव्हा वाहनांच्या गर्दीत उभे राहून मला त्याला एकही निश्चित जागा दाखवता आली नाही. कदाचित माझ्याच पाहण्यात काही राहिले असेल. परंतु पाच मिनिटांत त्याचे लक्ष उडाले, ते पुन्हा लागले नाही.

शेणोलीला हा प्रश्न पडलाच नाही. ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध उभ्या राहिलेल्या समांतर प्रतिसरकारच्या (लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’च्या) लढाऊ दलाने, सरकारी पैसा नेणारी रेल्वेगाडी जिथे लुटली, तिथे रूळ समोर दिसतात आणि जवळच छोटे स्मारक आहे. गाडी थांबवायला पुढे दगड रचले आणि ती मागे पळू नये म्हणून मागेही रचले, हे सांगताच भाचा स्वतःच अंतर मोजू लागला. पुढे तुफान सेनेचे एक प्रमुख जी. डी. बापू लाड यांच्या कुंडल गावात एका आजोबांनी मला “पत्री नव्हे, प्रतिसरकार म्हणा” असे सुनावले आणि गावागावांत न्यायदान मंडळे कशी चालत, ते तासभर सांगितले. त्या लुटीत भाग घेतलेले तुफान सेनेचे कॅप्टन रामचंद्र लाड २०२२ साली गेले. आता ऐकायला मिळते ते पुढच्या पिढीकडून, तरीही ते घरचे सांगणे असते.

इथे सावली कमी आहे आणि स्वतःचे वाहन असलेले बरे. मुले दहा वर्षांपुढची असतील, तर सकाळी लवकर शेणोली गाठावी आणि कुंडलसाठी दुपार मोकळी ठेवावी.