कोथरूडमधला डेंटल दवाखाना: उपचार चांगले, कारभार त्याहून चांगला

पाच स्टार देतेय आणि का देतेय ते सविस्तर लिहिते, कारण इथले बाकीचे रिव्ह्यू बघितले तर "मॅडम खूप प्रेमळ", "अजिबात दुखलं नाही" एवढंच दिसतं. ते खरंच आहे, माझी रूट कॅनल झाली, आईची दाढ काढली, दोन्ही व्यवस्थित. पण मी स्वतः फार्मा कंपनीत क्यूएमध्ये (औषधांच्या दर्जाची तपासणी) आहे, रोज रजिस्टर, सही, बॅच नंबर यातच असते, त्यामुळे कुठेही गेले की कागद आणि माणसं कसं काम करतात इकडे नजर जातेच, आणि त्या बाबतीत हा दवाखाना मला फार आवडला.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. रूट कॅनलच्या दुसऱ्या सिटिंगला खुर्चीत बसले होते, भूल द्यायची होती अजून. असिस्टंट ताईंनी माझ्यासमोरच फाइल्सचं (दाताच्या नळ्या साफ करायची बारीक सुयांसारखी हत्यारं) पाऊच फोडायला घेतलं (इथे नेहमी पेशंटसमोरच फोडतात) आणि थांबल्या. पाऊचवर जी पट्टी असते ना, ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं मशीन) गेल्यावर रंग बदलणारी, ती नीट बदललेली नव्हती, अर्धवटच. त्यांनी सरळ सांगितलं, "मॅडम, हे नाही वापरायचं." मॅडम ग्लोव्ह्ज घालून तयार, बाहेर पेशंट बसलेले, तरी एका शब्दाने वाद नाही. त्या सायकलची, म्हणजे मशीनच्या त्याच फेरीतली, सगळी पाऊच बाजूला काढली, आदल्या दिवशीच्या सायकलमधलं दुसरं पाऊच आणलं, त्यावर तारीख आणि सायकल नंबर पेनने लिहिलेला होता तो मला दाखवला, आणि ताईंनी रजिस्टरमध्ये नोंद केली. नंतर मी मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, थांबवायचा अधिकार तिचा आहे, तिने नाही म्हटलं की मीसुद्धा वापरत नाही. मी इतकी वर्षं ऑडिट बघतेय, सगळ्यात ज्युनियर माणसाने मालकाला थांबवणं आणि मालकाने ते मुकाट्याने ऐकणं हे मोठमोठ्या प्लांटमध्येपण सहज दिसत नाही हो.

ऑटोक्लेव्ह क्लास बी आहे. म्हणजे ते आधी आतली हवा खेचून घेतं आणि मग १३४ डिग्रीची वाफ सोडतं, त्यामुळे पाऊचच्या आत आणि एअरोटरच्या (दात कोरायचं ड्रिल) आतल्या बारीक नळ्यांपर्यंत वाफ पोचते. साध्या कुकरसारख्या ऑटोक्लेव्हमध्ये ती खात्री देता येत नाही. शिवाय दर आठवड्याला स्पोअर टेस्ट (सहज न मरणारे जंतू मशीनमध्ये ठेवून ते मेले का बघायचं) करतात, कारण पट्टीचा रंग बदलला म्हणजे जंतू मेलेच असं नसतं, ते स्पोअर टेस्टमधूनच कळतं. मी विचारलं म्हणून रजिस्टर दाखवलं, आणि दाखवताना कोणाच्या कपाळावर आठी नाही. तुम्हीपण कुठल्याही डेंटिस्टकडे गेलात तर हे विचारा, तुमचा हक्क आहे.

बरं, हे सगळं ते का करतात हा प्रश्न मला पडला होता, कारण खरं सांगायचं तर अशा छोट्या क्लिनिकमध्ये येऊन रोज कोण बघतंय? क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्सचा २०१० चा केंद्राचा कायदा आपल्या महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, आणि नर्सिंग होमचा कायदा पेशंट ॲडमिट करणाऱ्यांसाठी. मग डेंटल क्लिनिकला लागू असलेलं सगळं वेगवेगळ्या दारात विखुरलेलं: डॉक्टरचं रजिस्ट्रेशन स्टेट डेंटल कौन्सिलकडे, एक्सरे मशीन एईआरबीकडे (केंद्राचं अणुऊर्जा नियामक मंडळ), कचरा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. एकत्र सगळं बघणारा कोणी नाही, म्हणजे मालकाच्या मनात असेल तर होणार नाहीतर भिंतीवर सर्टिफिकेट लटकवून मोकळे. इथे मॅडमनी कामं वाटून दिलीयत आणि कुठलं काम कोणाचं ते स्टाफ रूमच्या दारावर नावासकट लिहिलंय. एक ताई ऑटोक्लेव्ह, एक ताई कचरा आणि औषधांच्या एक्सपायरी, रिसेप्शनवरचा दादा परवान्यांचं रिन्यूअल आणि तक्रारी. प्रत्येकाला आपलं काम पाठ आहे, विचारलं की "मॅडमना विचारा" असं कोणी म्हणत नाही.

आईची अक्कलदाढ काढायला बाहेरून सर्जन येतात. ते सर स्वतःची बॅग घेऊन येतात, पण त्यातलं एकही हत्यार इथल्या ऑटोक्लेव्हमधून गेल्याशिवाय वापरू देत नाहीत, म्हणून त्यांचा सेट आदल्या संध्याकाळीच मागवून घेतात. व्हिजिटिंग डॉक्टरला असं सांगायला धाडस लागतं. त्यांचापण रजिस्ट्रेशन नंबर बोर्डवर आहे. आईला शुगर आहे तर आधी रिपोर्ट मागितला, बीपी बघितलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का विचारलं, आणि संमतीपत्र मराठीत वाचून दाखवून मगच सही घेतली, फोटो काढायची संमती वेगळी. आईने फोटोला नको म्हटलं, विषय तिथेच संपला.

कचऱ्याचं पण छान आहे, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्यात, ग्लोव्ह्ज लाल पिशवीत, पिशव्यांवर बारकोड, ४८ तासांच्या वर काही ठेवत नाहीत. जुनी चांदी भरलेला दात काढला तर तो जाळायच्या कचऱ्यात टाकत नाहीत कारण त्यात पारा असतो, हे मला नवीन होतं. एक्सरेच्या आधी प्रेग्नन्सीबद्दल विचारतात. आणि माझा दुसरीकडे काढलेला एक्सरे चालवून घेतला, उगाच परत काढायला लावला नाही.

आता तक्रार. कॅपच्या बिलात लॅबचे पैसे वेगळे लावले होते, लेखी एस्टिमेटमध्ये ते नव्हते. मी चिडलेच होते. रिसेप्शनच्या दादाने हुज्जत न घालता तक्रारीच्या वहीत लिहून घेतलं, दुसऱ्या दिवशी मॅडमचा स्वतःचा फोन, एस्टिमेटमध्ये नव्हतं तर घेणार नाही, आणि पैसे परत आले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढच्या वेळी आईचं एस्टिमेट मिळालं त्यात लॅब चार्जचा वेगळा रकाना छापलेला होता. तक्रार केल्यावर फॉर्म बदलणारी माणसं मला तरी फार भेटलेली नाहीत.

दर आसपासच्या दोन-तीन क्लिनिकपेक्षा जास्त आहेत, लपवत नाही. अपॉइंटमेंट असून अर्धा तास बसावं लागतं, दुपारी एक ते चार फोन कोणी उचलत नाही, आणि पार्किंग नाहीच, गाडी गल्लीत लांब लावावी लागते. वयस्कर माणूस सोबत असेल तर रिक्षाने जा, लिफ्ट आहे पण पाच पायऱ्या चढून मग लिफ्ट. संध्याकाळची वेळ हवी असेल तर चार-पाच दिवस आधी सांगून ठेवा.