मेंटल हेल्थ नर्सिंगची एम.एस्सी.: १६०० तास कुठे भरतात ते आधी बघा

अभ्यासक्रम म्हणून विचाराल तर मेंटल हेल्थ नर्सिंगची एम.एस्सी. चांगली आहे आणि सोलापूर जिल्ह्याला ती शिकलेल्या नर्सची गरजही आहे. पण कागदावर एकच असलेला हा अभ्यासक्रम एके ठिकाणी दोन वर्षांत पक्की सायकियाट्रिक नर्स घडवतो आणि दुसरीकडे नुसती जर्नलं भरून घेतो. हा फरक इमारतीत किंवा निकालाच्या टक्क्यांत दिसत नाही. वॉर्डातले तास खरोखर कुठे आणि कुणाच्या नजरेखाली भरले जातात, त्यावर तो ठरतो. म्हणून हे परीक्षण एखाद्या कॉलेजचं नाही, अभ्यासक्रमाचं आहे. कॉलेज कसं पारखायचं ते ओघात येईलच.

आधी पात्रता. बी.एस्सी. नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. (नर्सिंग डिप्लोमानंतरची पदवी), किमान ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सवलत), नर्स आणि मिडवाइफ म्हणून नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव. बी.एस्सी.वाल्यांना हा अनुभव पदवीनंतरचा लागतो. पोस्ट बेसिकवाल्यांना आधीचा किंवा नंतरचा, कोणताही चालतो. महाराष्ट्रात प्रवेश सीईटी सेलमार्फत होतो, पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. कागदपत्र तपासणीत गाडी अडते ती बहुतेक अनुभवाच्या दाखल्यावर. ‘एक वर्ष काम केले’ एवढंच लिहिलेला दाखला घेऊ नका. रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पद, विभाग आणि सही करणाऱ्याचा हुद्दा त्यावर हवाच. जुन्या रुग्णालयातली मेट्रन बदलून गेली की असा दाखला नव्यानं मिळवायला महिना जातो. सीईटीचा फॉर्म भरायच्या आधीच तो हातात ठेवा.

मानसशास्त्रात बी.ए. केलेली मुलं-मुली पुष्कळदा विचारतात, आम्हाला हा कोर्स करता येईल का? आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये दुसऱ्या विषयातल्या पदवीधराला दोन वर्षांची एम.एस्सी. करून थेट मेंटल हेल्थ नर्स म्हणून नोंदणी मिळवता येते. इंटरनेटवर दिसणाऱ्या जाहिराती बऱ्याचदा त्या कोर्सच्या असतात आणि त्यातून गैरसमज होतो. भारतात आधी नर्स व्हायचं, मग या विषयात शिरायचं. दोन्ही पदव्यांचं नाव सारखं असलं तरी त्या एक नव्हेत.

आता मुख्य गोष्ट. भारतीय परिचर्या परिषदेच्या आराखड्यात पहिल्या वर्षी थिअरी ६०० तास आणि प्रॅक्टिकल ११००, दुसऱ्या वर्षी थिअरी ३०० आणि प्रॅक्टिकल १४०० तास. त्यातले खास आपल्या विषयाचे क्लिनिकल तास पहिल्या वर्षी ६५० आणि दुसऱ्या वर्षी ९५०, म्हणजे १६००. आठ तासांची ड्यूटी धरली तर २०० पूर्ण ड्यूट्या. अक्यूट वॉर्ड, दीर्घकाळ राहणाऱ्यांचा वॉर्ड, व्यसनमुक्ती, इमर्जन्सी, ओपीडी, मुलांचं मानसोपचार युनिट, पुनर्वसन, समाजातलं काम हे सगळं त्यात बसवायचं असतं. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी चालते, पण पदवी हातात पडण्यापूर्वी प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के भरावी लागते. राहिलेल्या ड्यूट्या शेवटी एकत्र भरताना कुणी शिकत नाही, माणूस फक्त दमतो.

सोलापुरातून बघितलं तर एक अडचण सरळ आहे. राज्यातली चार मोठी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, सोलापुरात नाही. जनरल हॉस्पिटलच्या मानसोपचार वॉर्डात अक्यूट रुग्ण भरपूर बघायला मिळतात: नव्यानं सुरू झालेला सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं), मॅनिया (उन्मादाची अवस्था), विष घेऊन आलेला आणि मेडिसिनमधून इकडे पाठवलेला तरुण, दारू सुटल्यावर थरथरणारा पेशंट. वर्षानुवर्षं राहिलेला, घरच्यांनी विचारणं सोडलेला रुग्ण मात्र तिथे दिसत नाही. त्याला दात घासायला पुन्हा शिकवणं, त्याचा दिवस आखून देणं, त्याला घरी परत पाठवण्याची तयारी करणं हे मोठ्या मनोरुग्णालयातच शिकता येतं. त्यामुळे बाहेरची पोस्टिंग किती आठवड्यांची आणि राहायची सोय काय, हे आधी लेखी विचारा. शैक्षणिक भेटीसाठी सोलापूरकरांना येरवड्याखेरीज धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्थाही सोयीची. बेंगळुरूची निम्हान्स ही राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था बघायला मिळाली तर सोडू नका.

क्लिनिकलमधला सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात खोटा लिहिला जाणारा भाग म्हणजे प्रोसेस रेकॉर्डिंग. रुग्णाशी झालेलं बोलणं शब्दाला शब्द उतरवायचं, शेजारच्या रकान्यात आपण काय बोललो, मग ते का बोललो आणि नेमकं कुठे चुकलो. नमुना असा:

‘सिस्टर, रात्री भिंतीतनं माझ्या नावानं हाका येतात.’
‘असं काही नसतं मामा, झोपा आता.’

या उत्तरानं संवाद तिथेच संपला. मामा उद्या काही सांगणार नाहीत. दुसरं उत्तर बघा:

‘मला तो आवाज ऐकू येत नाही मामा, पण तुम्हाला येतोय आणि भीती वाटतेय, ते दिसतंय. काय म्हणतो तो आवाज?’

भ्रमाला दुजोराही दिला नाही आणि माणसाला खोटंही पाडलं नाही. शेवटचा प्रश्न तर जीव वाचवणारा आहे, कारण आवाज ‘उडी मार’ म्हणत असेल तर खाट खिडकीजवळून हलवायची, लक्ष ठेवायला माणूस नेमायचा आणि डॉक्टरांना लगेच कळवायचं. असं रेकॉर्डिंग लाल शाईनं तपासून परत देणारा शिक्षक ज्या कॉलेजात आहे, तिथे बाकीच्या बऱ्याच उणिवा चालवून घेता येतील.

सोलापूरचा वॉर्ड आणखी एक गोष्ट शिकवतो, ती पुस्तकात फार थोडी आहे: भाषा. एका खाटेवर मराठी, शेजारी तेलुगू, पलीकडे कन्नड, त्यापुढे उर्दू-हिंदी. मानसिक स्थितीची तपासणी करताना अमूर्त विचार बघायला म्हणीचा अर्थ विचारतात. घरात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली आजींना ‘नाचता येईना अंगण वाकडे’चा अर्थ विचारला आणि त्या गप्प बसल्या, तर तपासलं गेलं ते मराठी, विचार नव्हे. त्यांच्याच भाषेतली म्हण नातेवाइकाकडून घ्यावी किंवा ‘संत्रं आणि केळं यांत सारखं काय’ असा प्रश्न विचारावा. लक्ष तपासायला शंभरातून सात-सात वजा करायला लावणं हे शाळेत न गेलेल्या विडी कामगार बाईवर अन्याय आहे. वार उलट्या क्रमानं म्हणायला सांगा किंवा हिशेब विड्यांचा आणि पैशांचा विचारा. फाइलमध्ये ‘लक्ष कमी’ लिहून मोकळं होण्याआधी एवढं करायलाच हवं. ‘अक्का, निद्र पट्टिंदा?’ किंवा ‘निद्दे बंता?’ एवढं विचारता आलं तरी झोप लागली का ते कळतं आणि चेहरा उजळतो तो वेगळाच. पाठ्यक्रमात याला गुण नाहीत, पण सोलापुरात शिकण्याचा हा मोठा फायदा समजावा.

औषधांचा अभ्यासही गावाच्या हवामानाशी जोडून शिकवला तर डोक्यात राहतो. लिथियमचं, म्हणजे मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरच्या औषधाचं, उदाहरण घ्या. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर हवी आणि १.५ च्या वर विषबाधेची भीती. नमुना शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घ्यायचा. सकाळची गोळी देऊन मग रक्त काढलं तर आकडा फसवा येतो, आणि ही चूक वॉर्डात सर्रास होते. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी पार करतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये घामानं मीठ-पाणी गेलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवायला लागतं आणि त्याच्यासोबत लिथियमही. बीपीसाठी कुणी मीठ एकदम बंद केलं किंवा कंबरदुखीला मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणून खाल्लं, तरी तेच. मग हात जोरानं थरथरतात, जुलाब, उलट्या, बोबडं बोलणं, तोल जाणं. घरच्यांना वाटतं, प्यायलाय. मार्चपासूनच डिस्चार्जच्या वेळी पाणी, मीठ, जुलाब आणि दुखण्याच्या गोळ्या या चार गोष्टी नातेवाइकांकडून परत वदवून घ्यायच्या, हे नर्सचं काम आहे.

तसंच हॅलोपेरिडॉल या सायकोसिसवरच्या औषधाच्या इंजेक्शननंतर मान वाकडी होऊन डोळे वर चढणं. नातेवाइकांना वाटतं बाधा झाली, आणि रुग्णाला उचलून ते देवऋषाकडे निघतात. प्रोमेथाझिननं तो त्रास लवकर उतरतो. पण असं होऊ शकतं हे आधी सांगितलेलं असेल, तरच कुटुंबाचा विश्वास टिकतो. दारू सुटलेल्या रुग्णात फिट्स साधारण पहिल्या ४८ तासांत येतात, वात (गोंधळून बरळणं, नसलेलं दिसणं) होतो तो दोन-तीन दिवसांनी. सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी थायामिन (जीवनसत्त्व बी-१), हा क्रम चुकवू नये. सोलापूरच्या पूर्व भागातल्या ओपीडीत ताडीबद्दल वेगळा प्रश्न विचारायची सवय लावा. तिच्यात क्लोरल हायड्रेट मिसळलेलं असेल तर ती तुटल्यावरही फिट्स आणि भ्रम होतात, आणि ‘दारू पीत नाही’ असं रुग्ण अगदी खरं सांगत असतो.

कायद्याचा भाग बहुतेक ठिकाणी घाईत उरकतात. ही मोठी उणीव आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्यातली कलमं रोजच्या ड्यूटीत लागतात. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी (मेंदूला विजेचा झटका देण्याचा उपचार) देता येत नाही. कुणाला एकटं कोंडून ठेवायला बंदीच आहे. बांधावं लागलं तर कारण, पद्धत, कालावधी लिहायचा आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला (रुग्णाच्या वतीनं निर्णयात मदत करणाऱ्या व्यक्तीला) २४ तासांच्या आत कळवायचं. स्वतःहून दाखल झालेला आणि कलम ८९ खाली, म्हणजे प्रतिनिधीच्या अर्जावरून, दाखल केलेला रुग्ण यांचे हक्क वेगळे असतात. ‘मला घरी जायचंय’ असं रुग्ण रात्री दोन वाजता म्हणाला तर समोर नर्सच असते, सीनियर डॉक्टर नव्हे.

शोधप्रबंधाबद्दल आमचं मत कडक आहे. ‘अमुक विषयावरील शिकवणी कार्यक्रमाची परिणामकारकता’ हा साचा इतका वापरलाय, की त्यातून नवं काही हाती येत नाही. आपल्या दारात विषय पडलेत: विडी कामगार स्त्रियांमधलं नैराश्य, स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या सांभाळणाऱ्यांवरचा ताण, औषधं मध्येच बंद होण्याची कारणं. प्रस्ताव पहिल्या वर्षाच्या नवव्या महिन्याअखेर आणि प्रबंध दुसऱ्या वर्षाच्या नवव्या महिन्याअखेर द्यायचा, म्हणजे मध्ये बरोबर बारा महिने. त्यात एथिक्स कमिटीची परवानगी, प्रश्नावलीचं मराठी-तेलुगू भाषांतर, ते दुसऱ्याकडून उलट इंग्रजीत करून पडताळणं आणि पायलट स्टडी बसवायची. भाषांतराला पंधरा दिवस धरणारे तीन महिन्यांनीही तिथेच अडकलेले असतात. पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरणार असाल तर नवव्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्या, तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे होकार आला तर त्याच दिवशी त्या बाईंना कुणाकडे न्यायचं, हे प्रस्तावातच लिहिलेलं हवं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक द्या, पण नंबर देऊन थांबू नका.

एक गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही: या पदवीचा बराच भाग शिक्षक घडवण्याकडे झुकलेला आहे. नर्सिंग एज्युकेशन, मॅनेजमेंट, संशोधन यांत शेकडो तास जातात. ज्यांना शिकवायचं आहे त्यांना हे उत्तमच. पण रुग्णाच्या खाटेजवळच राहायचं असेल तर एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा इन सायकियाट्रिक नर्सिंग जास्त नेमका आहे. त्याला नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव पुरतो, जीएनएमवाल्यांनाही (नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्यांनाही) तो खुला आहे. एम.एस्सी. म्हणजे वरचं आणि डिप्लोमा म्हणजे खालचं, अशी उतरंड डोक्यातून काढा. कामं वेगळी आहेत.

शुल्क विचारताना शुल्क नियामक प्राधिकरणानं मंजूर केलेलाच आकडा मागा. मग त्यावर बाहेरच्या पोस्टिंगचं राहणं-जेवण, प्रवास, प्रबंधाची छपाई आणि बांधणी वेगळी धरा. सरकारी नोकरीत असाल तर अध्ययन रजेचा आदेश हातात आल्याशिवाय प्रवेशाचे पैसे भरू नका. पदवी झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे अतिरिक्त पात्रतेची नोंद करायची राहू देऊ नका, ऐन मुलाखतीच्या वेळी ती आठवते.

कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसून माहितीपत्रक चाळण्याऐवजी दुसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोला. मागच्या महिन्यात कुठल्या वॉर्डात होता, सोबत शिक्षक किती दिवस आले, ईसीटी किती पाहिल्या, ग्रुप थेरपी स्वतः घेतली का, एका गाइडकडे किती जणी आहेत. मग एखादीचं लॉगबुक मागून घ्या आणि सह्यांचं पान उघडा. तारखा वेगवेगळ्या, शाई वेगवेगळी आणि मध्ये कुठे ‘पुन्हा करून दाखवा’ असा शेरा असेल, तर प्रवेश घ्या. चाळीस सह्या एकाच पेनानं, एकाच झटक्यात केलेल्या दिसल्या, तर दुसरं कॉलेज बघा.