महामार्ग ३५ वरील माओरी चर्च: राउकोकोरे आणि टिकिटिकी

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या पूर्व टोकाला वळसा घालणारा महामार्ग क्रमांक ३५ ओपोटिकीपासून गिस्बर्नपर्यंत सुमारे ३३० किलोमीटर जातो. बहुतेक प्रवासी तो समुद्रासाठी निवडतात. आम्ही तो माओरींच्या, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, चर्चसाठी निवडला. रोटोरुआतील ओहिनेमुतुचे सेंट फेथ्स चर्च आधी पाहून झाले होते. माओरी झगा पांघरलेला ख्रिस्त रोटोरुआ सरोवराच्या पाण्यावरून चालत येत असल्याचा भास करून देणारी तिथली काचेची खिडकी विलक्षण आहे, पण तिच्यापुढे पर्यटकांची रांग असते. गावाकडच्या चर्चमध्ये आपण बहुधा एकटेच असतो.

राउकोकोरेचे चर्च ओपोटिकीपासून सुमारे १०० किलोमीटरवर, अगदी समुद्रकाठी उभे आहे. १८९४ साली बांधलेली ही पांढरी लाकडी इमारत आणि तिचा टोकदार मनोरा रस्त्यावरून दुरूनच दिसतो. छायाचित्रे सगळे बाहेरूनच काढतात आणि खरे सांगायचे तर बाहेरूनच ते अधिक देखणे आहे. जमिनीखालच्या पोकळीत पेंग्विन घरटी करतात, त्यामुळे आत कधी कधी माशांचा वास येतो. ज्यांना हे चालणार नाही, त्यांनी दारातूनच परतावे.

टिकिटिकीच्या सेंट मेरीज चर्चची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. बाहेरून साध्या फळ्यांची इमारत पाहून आमच्यापैकी एकाने गाडीतून उतरण्याचाही कंटाळा केला होता. आत गेल्यावर त्यालाच बाहेर काढणे कठीण झाले. पहिल्या महायुद्धात पडलेल्या न्गाती पोरोऊ जमातीच्या सैनिकांचे स्मारक म्हणून उभारलेले हे चर्च १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्यामागे याच जमातीचे खासदार सर आपिराना न्गाता यांचा पुढाकार होता. छताच्या वाशांवर कोफाइफाइ नावाची लाल, काळी आणि पांढरी वळणदार नक्षी रंगवलेली आहे, तर भिंती तुकुतुकुच्या पट्ट्यांनी भरलेल्या आहेत. असा पट्टा विणताना दोन माणसे चौकटीच्या दोन बाजूंना समोरासमोर बसतात आणि वनस्पतीच्या पात्यांच्या चिरफळ्या एकमेकांकडे सरकवत आडव्या-उभ्या काड्या बांधत जातात, ही माहिती मी आधी वाचली होती. तरीही डोळे भिंतीजवळ नेऊन एकेक टाका पाहिल्यावरच ते काम किती सबुरीचे असेल ते उमगले. वेदीमागच्या रंगीत काचेत क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या पायाशी गणवेशातील दोन माओरी सैनिक गुडघे टेकून बसलेले दिसतात. पवित्र चित्रात स्वतःच्या गावची मुले बसवण्याचा हा निर्णय मला त्या सगळ्या कोरीव कामापेक्षाही धीट वाटला.

उरुपा, म्हणजे माओरी दफनभूमी, पाहण्याची इच्छा असेल तर ती आधी स्थानिकांना विचारून घ्यावी, कारण ती सार्वजनिक बाग नव्हे. ती जागा तापू, म्हणजे निषिद्ध अशा अर्थाने पवित्र मानली जाते. तिथे खाणेपिणे वर्ज्य, थडग्यांवर पाय देणे वर्ज्य आणि विचारल्याशिवाय छायाचित्रे घेणेही अनुचित. एका फाटकाच्या खांबाला पाण्याने भरलेली प्लास्टिकची बाटली तारेने बांधलेली होती. बाहेर पडताना त्या पाण्याने हात धुवायचे असतात. स्मशानातून परतल्यावर हातपाय धुणाऱ्या आपल्या घरांना याचे कारण समजावून सांगावे लागत नाही. अनेक थडग्यांच्या दगडात मृतांची छायाचित्रे बसवलेली असतात. मृत्यूनंतर साधारण वर्षभराने कुटुंब पुन्हा जमून त्या दगडाचे अनावरण करते, म्हणून नव्या थडग्याला बराच काळ दगड नसणे हे दुर्लक्षाचे लक्षण समजू नये.

तक्रार आहे ती एका प्रवास कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेबद्दल. तिच्यात टिकिटिकीला १५ मिनिटे दिली होती. एवढ्या वेळात काचेपर्यंतही पोहोचणे होत नाही; मी किमान एक तास सुचवीन, आणि तोही ढगाळ नसलेल्या दिवशी. वाटेतल्या एका लहान चर्चला कुलूप लागलेले होते आणि किल्ली कोणाकडे आहे याची पाटी कुठेच नव्हती, पण याचा दोष मी गावाला देणार नाही, कारण ते चर्च आमच्यासाठी बांधलेले नाही. या रस्त्यावर पेट्रोल पंप दूर दूर आहेत, तेव्हा टाकी भरूनच निघावे. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसावे किंवा बाहेर थांबावे.

प्रवेशशुल्क कुठेच नव्हते; कोहा, म्हणजे स्वखुशीची भेट, ठेवण्याची रीत आहे. न्यूझीलंडच्या ५० डॉलरच्या नोटेवर याच न्गातांचे चित्र आहे, तेव्हा टिकिटिकीच्या पेटीत तीच नोट टाकणे शोभून दिसले असते. आमच्या पाकिटात मात्र २० चीच निघाली.