माइल्सच्या तिकिटावरचे रोख पैसे: काही महिने वापरल्यानंतर

विमान कंपन्या प्रवासावर 'माइल्स' नावाचे पॉइंट्स देतात आणि ते भरून पुढचं तिकीट काढता येतं. मी वापरतो त्या माइल्स योजनेचं नाव लिहीत नाही. जे सांगायचं आहे ते कमी-अधिक फरकाने बऱ्याच योजनांना लागू होतं. माइल्स जमवण्याच्या बाबतीत माझी काहीही तक्रार नाही. प्रवास झाला की चार-पाच दिवसांत खात्यात जमा होतात, क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स माइल्समध्ये वळवता येतात आणि ॲपही नीट चालतं. अडचण येते ती माइल्स वटवताना. माइल्सचा आकडा पाहून मन हरखतं, पण पैसे भरायच्या पानावर गेलं की त्याच्या शेजारी रोख रक्कम उभी असते. लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासमध्ये तर ती कधीकधी त्याच मार्गाच्या इकॉनॉमीच्या तिकिटाएवढी भरते.

त्या रकमेवर 'टॅक्सेस, फीज अँड चार्जेस' असं लिहिलेलं असतं, त्यामुळे सगळे पैसे सरकारला आणि विमानतळाला जात असतील असा समज होतो. शेजारच्या छोट्या बाणावर बोट ठेवलं की यादी उघडते. प्रवासी सेवा शुल्क, सुरक्षा शुल्क, निर्गमन कर, सगळ्या बारीक रकमा. आणि त्यांच्यात एकच मोठी ओळ: 'कॅरियर इम्पोज्ड सरचार्ज', म्हणजे विमान कंपनीने स्वतः लावलेला अधिभार. ई-तिकिटाच्या पावतीवर हीच ओळ वाय-क्यू किंवा वाय-आर या दोन अक्षरी कोडने येते. माझ्या एका बुकिंगमध्ये या एका ओळीपुढे बाकी सगळे कर मिळून पाव हिस्सासुद्धा भरत नव्हते. हा पैसा कोणत्याही सरकारकडे जात नाही. तो विमान कंपनीकडेच राहतो.

असं का होतं, हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. माइल्सने माफ होतं ते फक्त मूळ भाडं. तेल महागलं तेव्हा कंपन्यांनी भाडं न वाढवता वेगळा इंधन अधिभार लावला. तो मूळ भाड्याबाहेर असल्यामुळे माइल्सच्या तिकिटावरही तसाच राहिला. पुढे तेल उतरलं, बऱ्याच ठिकाणी नावातलं 'इंधन' गेलं, पण अधिभार काही गेला नाही. थोडक्यात, किमतीतला जेवढा भाग भाड्यातून अधिभारात सरकतो, तेवढी माइल्सची ताकद कमी होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते इथे अक्षरशः लागू पडतं. हा वाद अमेरिकेत कोर्टातही गेला होता. माइल्सच्या तिकिटांवरच्या इंधन अधिभाराचा इंधनाच्या खर्चाशी खरा संबंध नाही, असा दावा प्रवाशांनी 2012 मध्ये ब्रिटिश एअरवेजविरुद्ध केला. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत, पण 2018 मध्ये तडजोड झाली.

या काही महिन्यांत सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट अशी: अधिभार किती लागेल हे विमानावर ठरतं, तसंच तुम्ही कोणत्या योजनेचे माइल्स वापरता यावरही ठरतं. लुफ्तान्साच्या विमानातली सीट त्यांच्याच माइल्स अँड मोअरमधून घेतली तर अधिभार भरावा लागतो. कंपन्या एकमेकींच्या भागीदार असल्या की एकीच्या माइल्सवर दुसरीची सीट घेता येते; तीच सीट एअर कॅनडाच्या एरोप्लानमधून किंवा युनायटेडच्या मायलेजप्लसमधून मिळाली तर हा अधिभार लागत नाही. एरोप्लानने नोव्हेंबर 2020 मध्ये नवी रचना आणली तेव्हा हे अधिभार काढून टाकले. भागीदार कंपनीच्या तिकिटावर ते 39 कॅनेडियन डॉलर घेतात, पण तेवढं परवडतं. उलट ब्रिटिश एअरवेजची सीट अमेरिकन एअरलाइन्सच्या माइल्सवर घेतली तरी अधिभार पाठ सोडत नाही. म्हणून मी आता कार्डाचे पॉइंट्स आधी कुठेही वळवत नाही. सीट कुठे दिसते, कोणत्या योजनेत किती रोख लागते हे पाहतो आणि मगच वळवतो. एकदा वळवलेले पॉइंट्स सहसा परत येत नाहीत, त्यामुळे हा क्रम पाळायलाच हवा.

हिशेबाची पद्धतही सांगतो. समजा, रोख तिकीट 1,000 डॉलरला आहे आणि माइल्सवर तेच 50,000 माइल्स अधिक 450 डॉलरला मिळतंय. बरेच जण 1,000 ला 50,000 ने भागतात आणि एका माइलला दोन सेंट मिळाले म्हणतात. पण खिशातून 450 गेलेच आहेत. म्हणजे वाचले 550, आणि एका माइलची किंमत झाली 1.1 सेंट. शिवाय रोख तिकिटावर नवे माइल्स मिळाले असते, समजा 4,000. माइल्सच्या तिकिटावर ते मिळत नाहीत. तेही धरले तर किंमत जेमतेम एक सेंटावर येते. अशा वेळी मी सरळ पैसे भरून तिकीट काढतो आणि माइल्स राखून ठेवतो.

खऱ्या करांबद्दल मात्र माझी तक्रार नाही. ते रोख तिकिटावरही असतातच. फक्त ते कुठे जास्त आहेत ते माहीत असावं. अमेरिकेतून निघताना सुरक्षा शुल्क एका दिशेला 5.60 डॉलर आहे. ब्रिटनमधून निघताना एअर पॅसेंजर ड्यूटी हा सरकारी प्रवासी कर लागतो, ही ड्यूटी लांबच्या प्रवासाला जास्त असते आणि इकॉनॉमीच्या वरच्या वर्गांना आणखी जास्त. प्रवास लंडनमधून सुरू न करता तिथे चोवीस तासांच्या आत विमान बदलून पुढे गेलं तर ती लागत नाही. इकॉनॉमीतल्या सोळा वर्षांखालच्या मुलांनाही ती माफ आहे. चौघांच्या कुटुंबाला हा फरक चांगलाच जाणवतो.

बाकीची शुल्कं किरकोळ, पण त्रासदायक. फोनवरून बुकिंग केलं की वेगळे पैसे. वेबसाइटवर भागीदार कंपनीची सीट दिसतच नव्हती म्हणून मी फोन केला, तरी शुल्क लावलं. सीट ऑनलाइन दिसत नसल्याचं सांगितल्यावर एजंटने वरिष्ठांना विचारून ते माफ केलं. मागितल्याशिवाय हे होत नाही, म्हणून जरूर मागा. एक तिकीट रद्द केलं तेव्हा कर आणि अधिभार दोन्ही परत आले, पण माइल्स परत जमा करायचं शुल्क कापलं गेलं. मांडीवरच्या बाळाचं शुल्कही आधीच विचारून घ्या. बऱ्याच कंपन्या आंतरराष्ट्रीय प्रवासात मोठ्यांच्या रोख भाड्याच्या दहा टक्के घेतात. बिझनेस क्लासमध्ये ती रक्कम फार मोठी होते, कारण टक्केवारी छापील भाड्यावर लागते. एरोप्लानमध्ये हेच काम 25 कॅनेडियन डॉलर किंवा 2,500 पॉइंट्समध्ये होतं.

योजना मी सोडलेली नाही. जवळच्या प्रवासात आणि अधिभार न लावणाऱ्या भागीदारांच्या विमानांत तिचा चांगला फायदा होतो. लांबच्या बिझनेस क्लाससाठी मात्र ती वापरणं मी बंद केलं आहे. कंपनीने पहिल्याच शोध-पानावर सरकारी कर आणि स्वतःचा अधिभार वेगवेगळे दाखवावेत, असं मी त्यांना लेखी कळवलं आहे. पोच आली, बदल अजून दिसलेला नाही.

जपानी कंपन्यांची विमानं घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जपान एअरलाइन्स आणि ऑल निप्पॉन त्यांचा इंधन अधिभार सिंगापूरच्या केरोसीनच्या (विमानाच्या इंधनाच्या) भावावरून दर दोन महिन्यांनी ठरवतात आणि आधी जाहीर करतात. 2016 मध्ये तेल स्वस्त असताना तो काही काळ शून्यावर आला होता. दर लागतो तो तिकीट काढल्या तारखेचा, प्रवासाच्या तारखेचा नाही. त्यामुळे नवा दर वाढणार असल्याचं दिसलं तर तिकीट आधीच काढा. कमी होणार असेल आणि सीट भरपूर असतील, तर थोडं थांबा.