लाइव्ह, डिले की रेकॉर्डिंग? चौघांचा गेम दाखवण्याआधी

मामेभावाचा प्रश्न सरळ होता: "दादा, आमचा स्क्वाड, म्हणजे चौघांची टीम, आता बरा खेळतो. यूट्यूबवर लाइव्ह जाऊ, की रेकॉर्ड करून टाकू?" मी म्हटलं, "बाकीच्या तिघांना विचारलंस?" तर गप्पच बसला.

मजेच्या बाबतीत थेट लाइव्हला तोड नाही. चॅटमध्ये कुणी टोमणा मारतो, तुम्ही त्याच दमात परतवता. सुरुवातीला जे आठ-दहा जण बघतात ते याच्यासाठीच थांबतात. पण बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेममध्ये तुम्ही पोचिंकीतल्या (नकाशातलं एक गाव) नेमक्या कुठल्या घरात दबा धरून बसलाय, हे तुमची स्ट्रीम बघून समोरच्या स्क्वाडलाही कळतं आणि ते येऊन मारतात. स्ट्रीम स्नायपिंग म्हणतात ते हेच.

त्यावरचा उपाय डिले, म्हणजे खेळ प्रेक्षकांना थोडा उशिरा दाखवणं. यूट्यूबवर ३० किंवा ६० सेकंदांचा लावता येतो, ओबीएसमध्ये (कॉम्प्युटरवरचं स्ट्रीमिंग-रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) हवा तेवढा. वॅलोरंट या कॉम्प्युटरवरच्या नेमबाजीच्या गेममध्ये त्याचा खरा फायदा होतो, कारण राउंडच १०० सेकंदांचा; मिनिटापूर्वीची तुमची जागा तोवर शिळी झालेली असते. बीजीएमआयमध्ये मात्र त्याच घरात चार मिनिटं बसून राहिलात तर ६० सेकंदांचा डिले फुकट. कस्टम रूमचं, म्हणजे आयडी-पासवर्ड देऊन भरवलेल्या खासगी मॅचचं, तर बोलायलाच नको. रूम भरेपर्यंत आयडी-पासवर्ड स्क्रीनवर तसाच राहतो, डिले संपला तरी. ओबीएसमध्ये त्या कोपऱ्यावर एखादं चित्र ठेवून तो झाका. आणि डिले लावला की चॅटशी गप्पा विसरा. प्रश्न आत्ता येतो, पण तो मिनिटापूर्वीच्या खेळाबद्दल असतो.

इथवर झालं ते फक्त खेळ वाचवण्याचं. माणसांचं काय?

मी हे चुकून शिकलो. एकदा लाइव्ह असताना एका मित्राचा माइक चालू राहिला. शेजारच्या खोलीत त्याचे बाबा फोनवर घराच्या थकलेल्या हप्त्यांबद्दल बोलत होते, अगदी आकड्यांसकट. बघणारे जेमतेम पंधरा. पण १२ तासांच्या आतलं लाइव्ह यूट्यूब आपोआप चॅनेलवर ठेवतं आणि मला हा प्रकार कळला दुसऱ्या दिवशी. व्हिडिओ लगेच काढला. मित्र एका शब्दानं बोलला नाही, पण नंतर कित्येक दिवस माइक म्युट ठेवूनच खेळायचा. डिले असता तर? कागदावर तेवढ्या वेळात स्ट्रीम बंद करता आली असती. पण गोळीबार चालू असताना दुसऱ्याच्या घरातलं बोलणं ऐकतं कोण!

खेळताना आपसात बोलायला वापरतात त्या डिस्कॉर्ड अ‍ॅपच्या स्ट्रीमर मोडवरही भिस्त ठेवू नका. तो तुमचा ईमेल, इन्व्हाइट लिंक वगैरे लपवतो, माइकवरच्या बोलण्याला हात लावत नाही. वॅलोरंटमध्ये पार्टीबाहेरच्यांची नावं झाकायची सोय आहे, ती जरूर चालू करा. हरलेल्या रँडम (गेमनंच जोडून दिलेल्या अनोळखी) टीममेटचं नाव दिसलं की तुमचेच प्रेक्षक त्याच्या मागे लागतात, आणि त्याला तर आपण लाइव्ह होतो याचाही पत्ता नसतो. रँडम असतील तर टीम व्हॉइस बंद ठेवणं किंवा निदान सुरुवातीलाच "लाइव्ह आहे हं" सांगणं, एवढी रीत पाळायला काहीच पडत नाही.

रेकॉर्डिंगचं पारडं जड होतं ते इथे. ओबीएस सहापर्यंत ऑडिओ ट्रॅक वेगवेगळे ठेवतो: तुमचा माइक एकावर, गेम दुसऱ्यावर, डिस्कॉर्ड तिसऱ्यावर. बाबांचा हप्ता निघाला की तेवढ्यापुरता तिसरा ट्रॅक म्युट करायचा, बाकी खेळ तसाच. मोबाइलच्या स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक वेळा सगळे आवाज एकत्रच येतात. तिथे मित्रांचा आवाज ठेवायचा की नाही, हे आधीच ठरवावं लागतं. (मोबाइलवर लाइव्ह असो वा रेकॉर्डिंग, डू नॉट डिस्टर्ब लावाच. गेमच्या मध्येच बँकेचा ओटीपी झळकलेला मी पाहिलाय.) शिवाय मोबाइलवरून लाइव्ह जायला यूट्यूब ५० सबस्क्रायबर मागतं आणि पहिल्यांदा परवानगी मिळायला २४ तासही लागू शकतात, तेव्हा नव्या चॅनेलला सुरुवात रेकॉर्डिंगनंच करावी लागते.

माझं मत विचाराल तर रँक वाढवायची असेल तेव्हा डिले, आणि तोही फक्त ओळखीच्या चौघांत. नुसता टाइमपास असेल तर थेट लाइव्ह, पण व्हॉइस फक्त स्वतःचा. बाकी सगळं रेकॉर्डिंग.

भावानं शेवटी तिघांना विचारलं. दोघं लगेच तयार झाले. तिसऱ्याची एकच अट: घरी ज्या नावानं हाक मारतात, ते बाहेर जाता कामा नये. त्याची आई दर अर्ध्या तासाला त्याच नावानं जेवायला बोलावते. म्हणून सध्या रेकॉर्डिंग चालू आहे.