पीपीएफ, सिरॅमिक की नुसतं पॉलिश? बाभळीतून परतलेल्या दोन गाड्यांचा हिशेब

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाला, आमच्या घरच्या दोन गाड्या औसा तालुक्यातल्या शेतात गेल्या होत्या. पुढं दाजींची काळी एसयूव्ही, मागं माझी राखाडी सेडान. डांबरी सोडली की शेतापर्यंत पांदण. दोन्ही अंगांनी बाभळी, आणि समोरून टायरची बैलगाडी आली की कुणीतरी एकानं काट्यांत घुसायचंच. ती आली. ओझ्याची बैलं मागं कोण घेणार? आम्हीच घुसलो. काट्यांचा तो कर्र आवाज आतून ऐकणं म्हणजे दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसणं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गाड्या लातूरला एकाच अंगणात, एकाच बोअरच्या पाण्यानं धुतल्या. दाजींच्या गाडीला तीन वर्षांपूर्वी सिरॅमिक कोटिंग केलेलं, म्हणजे रंगावर चोळून वाळवलेला काचेसारखा पातळ थर. माझ्या गाडीच्या फक्त तोंडाला, म्हणजे बंपर, बॉनेट, पुढचे दोन्ही फेंडर आणि आरसे यांना, पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म, रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म). दारापासून मागं सगळं उघडं.

माझ्या डाव्या फेंडरवरून एक चरा निघाला होता आणि फेंडर-दाराची फट ओलांडून थेट मागच्या दारापर्यंत गेला होता. काटा एक, रेघ एक. किटलीभर गरम पाणी फेंडरवर ओतलं. चहाला ठेवतो तितकं उकळतं नाही, हाताला चटका बसेल इतपत. दोनेक मिनिटांत फेंडरवरची रेघ विरत गेली आणि फक्त एका जागी, जिथं काटा रुतला होता, तिथं खाच उरली. तिच्यात नख अडकतं, पण खालचा रंग शाबूत दिसतो. दारावरची रेघ मात्र जशीच्या तशी. दाजींच्या काळ्या दारांवर तशाच दोन रेघा. एकीत नख अडकत नव्हतं, ती पुढं पॉलिशनं गेली. दुसरीत अडकत होतं, ती आजही आहे. दाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाव्हणं, मला तर नाइन एच सांगितलं होतं."

आता चुलतभाऊ पाडव्याला गाडी घेतोय. शोरूमवाल्यानं यादीत कोटिंग आधीच घालून ठेवलंय आणि भावाचा मला रोज एक फोन येतो. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो.

आधी जाडी बघा, निम्मा गोंधळ तिथंच मिटतो. गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि वर पारदर्शक क्लिअर कोट असं सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन असतं. म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाहून थोडंच जास्त. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. पीपीएफची जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे अख्ख्या रंगापेक्षा जाड. सिरॅमिकचा थर एखाद-दोन मायक्रॉनचा. टेफ्लॉन आणि व्हॅक्स त्याहून क्षुल्लक. आता बाभळीच्या काट्याला यातलं कोण अडवेल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

आणि ते नाइन एच? ती कोटिंगचा कठीणपणा मोजायची पेन्सिलची चाचणी आहे. नाइन बीपासून नाइन एचपर्यंत पेन्सिली असतात, त्यातल्या सगळ्यात कठीण पेन्सिलीनं ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावरच्या खडीनं पेन्सिलीचा कोर्स केलेला नसतो.

पीपीएफ काम करते ती कठीण असते म्हणून नव्हे, मऊ असते म्हणून. टीपीयू नावाच्या रबरासारख्या प्लास्टिकची ती बनते. खडा आदळला की ती दबते, मार पसरवते आणि परत वर येते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेच्या हेलिकॉप्टरांची पाती वाळूनं झिजायची, त्यांना वाचवायला अशी फिल्म वापरात आली. रेसच्या गाड्या आणि मग घरच्या गाड्या हे नंतरचं. वरचा जो पातळ थर असतो त्याला उष्णता मिळाली की तो मूळ जागी सरकतो आणि बारीक ओरखडे बुजतात. ही किटलीची करामत आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये फुकट होते. बॉनेटवर हात ठेववत नाही अशा उन्हात गाडी तासभर उभी केली की झालं. पण बुजतं ते या वरच्या थरातलंच. फिल्म चिरली गेली तर चीर चीरच राहते. तेवढा तुकडा काढून नवा लावायचा.

खड्याचा मार मात्र पीपीएफ खरोखर खाते, आणि हे मी हायवेवर पाहिलंय. सोलापूर-धुळे महामार्गावर बीड-गेवराईच्या बाजूला पुढं खडीचा हायवा लागला की खड्यांचा टणटणाट होतोच. समृद्धीवर तर गाड्यांना १२० ची मर्यादा आहे. वेग दुप्पट झाला की खड्याच्या माराची ताकद चौपट होते, म्हणजे ६० ला जो खडा नुसता टिचकी मारून जातो तो १२० ला रंग उडवतो. दाजींच्या बॉनेटच्या पुढच्या कडेला पांढरे ठिपके मोजले तर अकरा निघाले. काळ्या गाडीवर ते दुधात माशी पडल्यासारखे दिसतात, उलट्या रंगात. माझ्या बॉनेटवर फिल्मला दोन बारीक खड्डे आहेत, रंगाला एकही नाही.

आता सिरॅमिकची बाजू घेतो, नाहीतर दाजी रागावतील. लातूरकराला पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे हे. सिरॅमिकवर चिखल धरत नाही, पाणी गोळ्या होऊन घरंगळतं, आणि अर्ध्या बादलीत एसयूव्ही निघते. काळ्या मातीचा चिखल रंगाला ज्या चिवटपणे चिकटतो तो ज्यांनी खरवडलाय त्यांनाच हे सुख कळेल. चकाकी तर आहेच. पारव्याची घाण, झाडाचा चीक, पावसाळ्यात बंपरवर चिरडलेले किडे यांपासूनही थोडा जास्त वेळ मिळतो. पण एक अडचण आपल्याकडंच जास्त. बोअरचं पाणी जड. त्याचा थेंब उन्हात वाळला की मागं चुन्याचा पांढरा गोल राहतो, आणि सिरॅमिकवर पाणी गोळ्या करूनच थांबत असल्यानं हे गोल ठळक उठतात. पाणी मारून गाडी तशीच उन्हात सोडली तर कोटिंग असून नसून सारखंच. लगेच पुसायला हवी.

पुसायचं म्हणजे कशानं, हा खरा प्रश्न. आपल्याकडं गाडीवरचे निम्म्याहून जास्त बारीक चरे काटा-खड्यानं नाही, सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी झटकण्यानं पडतात असं माझं स्पष्ट मत आहे. रात्रभर बसलेल्या धुळीत बारीक रेती असते आणि तिच्यावरून आपण जुन्या बनियनचं फडकं गोल गोल फिरवतो. म्हणजे पॉलिश पेपरच मारतो. उन्हात बॉनेटकडं तिरकं बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात त्या याच. या जाळ्यापुरतं बोलायचं तर पीपीएफ त्या बुजवते, सिरॅमिक थोड्या कमी पडू देतं, आणि दीड-दोनशे रुपयांचं मायक्रोफायबरचं फडकं व आधी पाण्याचा फवारा हे दोघांपेक्षा स्वस्तात बरंच काम करतं.

पैशाचं सांगतो. लातूर आणि संभाजीनगरला मी चौकशी केली तेव्हा छोट्या सेडानला पूर्ण अंगाची टीपीयू फिल्म ७० हजारांपासून दीड लाखापर्यंत सांगितली, नुसत्या तोंडाची २० ते ३५ हजार. सिरॅमिक १२ ते २५ हजार. टेफ्लॉन चार-पाच हजार, आणि ते काही महिन्यांत उतरतं, म्हणून त्यावर जास्त शाई घालवत नाही. आता याच्या समोर ठेवा की चांगल्या गॅरेजला एक पॅनल रंगवायला तीन ते सहा हजार लागतात. पूर्ण फिल्मच्या पैशात अख्खी गाडी रंगवून वर तुळजापूरला सगळं घर जाऊन येईल.

मग फिल्म कशाला? कारण कंपनीचा रंग पुन्हा मिळत नाही. कारखान्यात नुसता पत्र्याचा सांगाडा असताना रंग १४० अंशांच्या आसपास भाजला जातो. गॅरेजमध्ये आत सीट, वायरिंग, प्लास्टिक सगळं असतं, त्यामुळं रंगकामाचा बूथ चांगला असला तरी ६०-८० अंशांच्या पुढं जाता येत नाही. शिवाय जुन्या गाडीचा व्यापारी रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन येतो आणि रंगवलेलं दार लगेच पकडतो, मग ते ओरखड्यासाठी रंगवलं की अपघातानंतर हे त्याला पटवत बसा. पण हेही खरं की फिल्म लावली म्हणून तो एक रुपया जास्त देत नाही. आणि आपली हवा कोरडी. कोकणात चरा पत्र्यापर्यंत गेला की पहिल्याच पावसात गंज धरतो. आपल्याकडं तो बराच काळ नुसता डोळ्यांना टोचत राहतो. त्यामुळं घाबरून पूर्ण गाडी गुंडाळायची गरज मला तरी दिसत नाही.

विम्यावर ओरखडे काढू म्हणणाऱ्यांनी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, आठवावा. तो २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि एका क्लेममध्ये शून्यावर येतो.

फिल्म जे अडवत नाही ते आधीच मनाशी धरा. ऊस हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळताना बाहेर आलेल्या उसाच्या मोळ्या घासून जातात, तेव्हा फिल्म जाते आणि बऱ्याचदा रंगही. पोचा अडवत नाही. मुद्दाम किल्लीनं मारलेली रेघ जोर असेल तर आरपार जाते. बॉनेटवर शेळी चढली तर खुरांचे ओरखडे निघतील, पत्रा दबला तर तो दबलाच.

सगळ्यात मोठी फसगत मात्र नावात आहे. पीपीएफ म्हणून पीव्हीसीची फिल्मही विकली जाते, कधी टीपीएच अशा नावानं. पूर्ण गाडी २५-३० हजारांत म्हणाले की ती हीच समजा. ती गरम पाण्यानं बुजत नाही, आपल्या उन्हात लवकर पिवळी पडते, पांढऱ्या गाडीवर तर हळद लागल्यासारखी दिसते, आणि काढताना कडक होऊन तुकड्या-तुकड्यांनी निघते, डिंक मागं ठेवून. ओळखायचं सोपं आहे. दुकानात नमुन्याचा तुकडा मागा, ताणून सोडा. टीपीयू परत आकसते, पीव्हीसी ताणलेलीच राहते. त्यावर तारेचा ब्रश घासा आणि गरम पाणी ओतायला सांगा. दुकानदार तयार होत नसेल तर तुम्हीही होऊ नका. वॉरंटी रोलच्या सिरियल नंबरासकट तुमच्या गाडीच्या नावावर नोंदवून घ्या आणि वाचा: बहुतेक वॉरंट्या पिवळेपणा, फुगे, तडे, सुटणं यांच्या असतात, खड्यानं फाटण्याच्या नसतात.

लावणाऱ्याचा हात फिल्मइतकाच महत्त्वाचा. माझी पहिल्यांदा ज्यानं लावली त्यानं कडा आत न दुमडता फेंडरच्या कडेलाच कापल्या. महिन्याभरात त्या कडेला काळ्या मातीची काजळासारखी रेघ बसली, आणि सर्व्हिसिंगला प्रेशरचा पाइप जवळून मारला तसा कोपरा सुटला. काढून दुसरीकडं परत लावली तेव्हा खाली रंगावर ब्लेडची केसाएवढी रेघ निघाली. चऱ्यापासून वाचवायला गेलो आणि चरा विकत घेतला! तेव्हा विचारा की कापणी मशीनवर होते का गाडीवर ब्लेडनं, खोली बंद आहे का रस्त्याकडं उघडं शटर. आपल्या वाऱ्यात उघड्या शटरखाली लावलेल्या फिल्ममध्ये धूळ कायमची बंद होते. नुकतंच रंगवलेलं पॅनल असेल तर काही आठवडे थांबा, नाहीतर फिल्म काढताना रंग सोबत येतो.

गावाकडं फिल्म म्हटलं की लोकांना काच आठवते. काचेवरच्या फिल्मला सुप्रीम कोर्टानं २०१२ साली बंदी केली, ती गोष्ट वेगळी. रंगावरच्या पारदर्शक फिल्मला ती लागू नाही. मात्र मॅट काळी किंवा रंगीत फिल्म लावून गाडीचा रंगच बदलणार असाल तर आरसीवर रंग लिहिलेला असतो, आधी आरटीओत विचारा.

चुलतभावाला मी काय सांगितलं? त्याची गाडी पांढरी, महिन्यातून दोनदा संभाजीनगर, आठवड्याला एकदा शेत. शोरूमच्या यादीतलं कोटिंग खोडायला लावलं. बाहेरून तोंडाला टीपीयू, चारही दारांच्या कडा, हँडलच्या मागची वाटी जिथं अंगठ्या घासतात, आणि डिकीची कड जिथून आपण पोती ओढतो. शेताच्या वाटेवर डाव्या अंगानंच बाभळीत घुसावं लागत असल्यानं डावी दोन दारंही, एवढंच जास्तीचं. सिरॅमिक हवंच असेल तर पुढच्या वर्षी, उरलेल्या अंगाला. ज्यांची गाडी शहरातच फिरते, काळी किंवा गडद निळी आहे आणि धुण्याचा कंटाळा आहे त्यांनी उलट करावं, सिरॅमिक घ्यावं आणि फिल्म विसरावी. सहा-सात वर्षं जुनी, चार ठिकाणी रंगवलेली गाडी असेल तर एक चांगलं पॉलिश पुरे, तेही दर दिवाळीला नको, कारण प्रत्येक पॉलिश त्या ४० मायक्रॉनमधलंच थोडं खरवडून चमक देतं.

दाजींनी यंदा तोंडाला फिल्म लावून घेतलीय, सिरॅमिकच्या वरून नव्हे, ते घासून काढून, कारण त्या निसरड्या थरावर डिंक नीट धरत नाही. येळवशीला मात्र पुढं मी जायचं ठरलंय.